तीन चुका, अर्धा तास

४ मार्च

आलो. सामान लागलं, वहीचं पहिलं पान उघडलं, आणि आजचा दिवस चांगला गेला असं पहिल्याच ओळीत लिहायला मिळतंय, याचा आनंद आहे.

निवास तीन मजली, दगडी, टेकडीला पाठ लावून बसलेला. खोल्या बेचाळीस, राहणारे एकोणचाळीस, सगळे सत्तरीच्या पुढचे. मला तिसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली दिली आहे, तिला लागूनच यंत्रखोली. मधलं दार आतून उघडतं, म्हणजे झोपेतून उठून चार पावलांत कामावर. जिन्याला मजल्यागणिक बावीस पायऱ्या, त्यातली पहिल्या मजल्यावरची नववी किंचित हलते. मॅडमना (व्यवस्थापिकेला इथे सगळे मॅडमच म्हणतात) हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मी इथे बारा वर्षं चढते आहे, मला नाही कळलं. मी म्हटलं, मोजत चढलं की कळतं.

भिंती दीड हात जाड आणि समोर डोंगर, त्यामुळे फोनला सिग्नलची दांडी मिळत नाही. बाहेरच्या बाकावर गेलात तर एखादी. आत सगळं वायफायवर. मुलांशी बोलणं, नातवंडांची तोंडं बघणं, सिस्टरला निरोप देणं, सगळं. आणि ते वायफाय आजवर सताड उघडं होतं. खालच्या रस्त्यावरचे गाडीवाले, दुकानदार, येणारेजाणारे सगळे फुकटात पीत होते, आणि आमच्या आजीआजोबांच्या पडद्यावर नातवंडं अर्ध्या हसण्यात गोठून बसत होती.

मुलाखतीला माझ्याबरोबर दोन पदवीवाले होते. नेट मंद का, असं मॅडमनी विचारलं, तर दोघेही म्हणाले, जास्त वेगाचं कनेक्शन घ्या. मी विचारलं, आधी पितंय कोण ते बघू या का? नोकरी मला मिळाली. कॉलेजची पायरी मी कधी चढलो नाही. रेडिओ दुरुस्तीच्या टपरीपासून सुरुवात केली, बाकी सगळं जुनी पुस्तकं आणि भंगारातली यंत्रं उघडून शिकलो. हे मी कुणाला आपणहून सांगत नाही. विचारलं तर मात्र पूर्ण सांगतो.

संध्याकाळी बाकावरून सौ.ला फोन केला. म्हणाली, तारांचं नंतर, माणसं कशी आहेत ते सांगा. मी म्हटलं, अजून भेटलो नाही कुणाला. म्हणाली, म्हणजे नेहमीसारखंच.

७ मार्च

व्यवस्था उभी राहिली. तीन दिवसांत. लिहून ठेवतो, कारण असं नीट काम रोज होत नाही.

आता कुणीही वायफायला जोडलं की आधी माझं पान उघडतं. दोन चौकटी: वर नाव, खाली पासवर्ड. नाव म्हणजे खोलीचा आकडा. पासवर्ड आठ अक्षरांचा, त्यात एक आकडा आणि एक चिन्ह हवंच. बरोबर भरलं तरच फाटक उघडतं, नाहीतर पानावरून पुढे सरकता येत नाही. तीन वेळा चुकलं की ते यंत्र अर्धा तास बंद. पानावर ओळ येते: ‘तीन चुका झाल्या. कृपया अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा.’ कृपया हा शब्द मी घातला. आधी नव्हता.

आणि रोज दुपारी तीनला सगळ्यांना एकदम बाहेर काढायचं, पुन्हा आत यायला लावायचं. कुणाचं यंत्र उगाच जोडलेलं राहत नाही, आणि नोंदवहीचे दोन सारखे भाग पडतात. तीनच का? जेवणं झालेली, मंडळी पेंगलेली, आणि खाली कार्यालयात सिस्टरांची पाळी बदलत असते. वीस मिनिटं कुणाचं कुणाकडे काम नसतं. बघून, मोजून ठरवलं आहे.

नोंदवही म्हणजे यंत्रातली. तिच्यात चुकलेले प्रयत्नसुद्धा उतरतात: वेळ, यंत्राचा क्रमांक, कुठल्या मजल्यावरच्या वायफायच्या डबीतून आलं, आणि नावाच्या चौकटीत काय टाईप केलं ते. हे शेवटचं माझं स्वतःचं. चोर कुठल्या नावाने येतो ते कळायला नको? चौकटीत सोळा अक्षरं मावतात, काने-मात्रे-वेलांट्या वेगवेगळ्या धरून. खोलीच्या आकड्याला तेवढी पुष्कळ झाली.

दुसऱ्या मजल्यावर एक कॅप्टन आहेत, जन्मभर मालवाहू जहाजावर होते. त्यांनी आज तीन वाजता जेवणघरातून आरोळी ठोकली, चला, तीन वाजले, सगळे बुडाले! मग मला बघून, काय फाटकवाले, सोडता का आत म्हाताऱ्याला? सगळे हसले. मीही हसलो. नाव चिकटणार असं दिसतं.

११ मार्च

सतरा नंबरच्या बाई. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, म्हणून कॅप्टन त्यांना भूमितीबाई म्हणतात. दोन वर्षांपूर्वी झटका आला, त्यात उजवं अंग आणि वाचा गेली. बुद्धी मात्र लखलखीत. डाव्या हाताने टॅबलेटवर लिहितात. पहिल्या मजल्याच्या टोकाला काचेची बैठक आहे, दिवसभर तिथे खुर्चीत. घंटा खोलीत पलंगापाशी आहे, बैठकीत नाही, म्हणून काही लागलं की टॅबलेटवरून सिस्टरला निरोप धाडतात आणि सिस्टर वर येते.

आज सिस्टरने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, भाऊ, बाईंचं यंत्र तेवढं या लॉगिनमधून सोडा की. डावा हात, बोट एकावर ठेवतात, पडतं तिसऱ्यावर. दोन दिवसांत तीनदा अर्धा-अर्धा तास अडकल्या. मी म्हटलं, एकाला सोडलं की उद्या अडतीस जण दारात. ती म्हणाली, अडतीस जणांना बोलता येतं हो. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. वर शांतपणे समजावूनही सांगितलं की सराव केला की जमेल. त्यांच्या खुर्चीशेजारी मोठ्या अक्षरात पासवर्डच्या पायऱ्या लिहून कागदही लावून आलो.

बाईंनी तो कागद वाचला. मग टॅबलेटवर सावकाश लिहून माझ्यापुढे धरला: ‘अक्षर सुरेख. समास सोडलेला आवडला. पण नियम सरळ रेषेत आहे आणि माझा हात नाही.’

मी म्हटलं, सरावाने होईल. त्यांनी मान हलवली, वर्गातल्या ढ मुलाकडे बघून हलवतात तशी.

सिस्टर म्हणते, बाईंचं मुलीशी बिनसलं आहे. मुलगी लांब असते, तिनेच इथे आणून ठेवलं. दोन आठवडे बाईंनी तिचा फोन घेतलेला नाही.

१९ मार्च

सतरा नंबरच्या बाई आज गेल्या. तीन चाळीसला सिस्टर बैठकीत गेली तेव्हा खुर्चीतच होत्या, टॅबलेट मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय, फार वेळ लागला नसेल.

कॅप्टननी टोपी काढली आणि बराच वेळ हातात तशीच धरून बसले. मला आज फाटकवाले म्हणाले नाहीत.

२० मार्च

सकाळी सवयीने कालची नोंद उघडली.

यंत्र सतराचं. डबी पहिला मजला. वेळ तीन वाजून चार मिनिटं ते तीन वाजून बारा. जशी आहे तशी उतरवतो, कारण आता ती दुसरीकडे कुठेच नाही.

१७, पासवर्ड चूक. १७, पासवर्ड चूक. १७, पासवर्ड चूक. यंत्र बंद, अर्धा तास.

बंद झाल्यावरही पानावर चौकटी दिसत राहतात. ही माझी राहून गेलेली गोष्ट. चौकट दिसली की माणूस तिच्यात लिहिणारच. नावाच्या चौकटीत:

सिस्टर
दम लागतोय
सिस्टर या
दम
पोरीला सांगा
पोरीला सांगा मी

शेवटची ओळ मी तीन वेळा मोजली. काने-मात्रे धरून पंधरा, आणि मीच्या पुढची रिकामी जागा सोळावी. त्यापुढचं माझ्या चौकटीने घेतलं नाही.

सहा वेळा. आणि सहाही वेळा पानाने त्यांना सांगितलं, कृपया.

मी ती नोंद पुसली. नोकरी जाईल म्हणून पुसली असं लिहायला बरं वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर ती व्यवस्था माझी होती, आणि तिच्यावर डाग मला बघवला नाही. एक टिचकी. यादी पुन्हा स्वच्छ, दोन सारखे भाग.

२२ मार्च

मुलगी आली. चाळिशीची असेल, डोळे आईचे. मॅडमनी तिला माझ्याकडे पाठवलं, नोंदी यांच्याकडे असतात म्हणून.

ती खुर्चीवर बसली नाही. दारात उभी राहूनच विचारलं, दादा, एकच बघून सांगा, त्या दिवशी आईने मला फोन लावायचा प्रयत्न केला होता का? शेवटी शेवटी? मी तिला तीन आठवडे रोज लावत होते, ती कट करायची. मला फक्त एवढं कळू दे की तिने तिकडून एकदा तरी—

मी यादी उघडली. तिच्यासमोर बोटाने खाली सरकवत नेली. काहीतरी शोधतोय असं दिसावं म्हणून चष्माही लावला. आणि म्हटलं, नाही ताई. त्या दिवशी तीननंतर त्यांनी यंत्र वापरलेलंच दिसत नाही.

ती म्हणाली, म्हणजे राग गेला नव्हता तर.

रडली नाही. माझे आभार मानले. मी म्हटलं, त्यात काय, कामच आहे.

२३ मार्च

ती टॅबलेट आणि दोन पिशव्या घेऊन गेली. पेटी राहिली आहे, पुढल्या महिन्यात येऊन नेईन म्हणाली. फाटकापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत सांगायचं असं जिन्यातच ठरवलं होतं. बावीस, बावीस, बावीस, अंगण, फाटक. तिने हात जोडले, मीही जोडले.

सौ.ला फोन केला. म्हणाली, आवाज असा का? मी म्हटलं, दांडी कमी आहे.

२६ मार्च

आज दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी यंत्र सतरा. डबी पहिला मजला.

१७, चूक. १७, चूक. १७, चूक. बंद. मग त्याच सहा ओळी. त्याच मिनिटांच्या अंतराने.

पहिला विचार आला की पुसलेली नोंद कुठून तरी वर आली. होतं असं, यंत्रं म्हणजे शेवटी यंत्रं. पण तारीख आजची होती. डबीवरचा दिवाही लुकलुकत होता. मी स्वतः खाली जाऊन पाहिला. बैठकीत कुणी नव्हतं. माझा कागद अजून भिंतीवर आहे.

२८ मार्च

काल आणि आज पुन्हा. तीन चार ते तीन बारा. सतराचं खातं काढून टाकलं आहे. त्या यंत्राचा क्रमांक कायमचा बंद केला आहे. बंद केलेलं यंत्र माझ्या पानापर्यंतसुद्धा पोचू शकत नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आलं.

३० मार्च

बाकावर जाऊन मुलीला फोन लावला. खोटंच सांगितलं की सामानाची यादी करतो आहे, टॅबलेट तुमच्याचकडे आहे ना? हो म्हणाली. पिशवीतून काढलाच नाही, बॅटरी कधीच संपली असणार. उघडायचा धीर होत नाही दादा.

मग म्हणाली, तुम्ही इतकी काळजी करता, बरं वाटतं.

फोन ठेवल्यावर बाकावरच बसून राहिलो. तीन वाजायला चार मिनिटं होती म्हणून उठलो. आलं.

२ एप्रिल

पहिल्या मजल्यावरची डबी काढली. तार उपटली, वर आणली, इथे माझ्या टेबलावर वहीशेजारी ठेवली. ना वीज, ना तार. नुसतं प्लास्टिक.

तीन चारला तिचा दिवा लागला.

नोंद: डबी पहिला मजला. सिस्टर. दम लागतोय.

टेबलावरून मी हात काढून घेतला. दिवा आठ मिनिटं लुकलुकला. प्रत्येक ओळीला एकदा. मग विझला.

मला आधी वाटत होतं, बाई मला त्रास द्यायला येताहेत. तसं नाही. त्या माझ्याकडे येतच नाहीत. त्या अजून तिथेच आहेत, त्याच खुर्चीत, त्याच आठ मिनिटांत. रोज दुपारी तीनला मी सगळ्यांना बाहेर काढतो आणि रोज त्यांना पुन्हा दम लागतो.

३ एप्रिल

तीनची तोड बंद केली. आता कुणालाच बाहेर काढत नाही. कॅप्टनना सांगितलं तर म्हणाले, काय हो, आज बुडवणार नाही? कालपासून जरा तोंड उतरलंय तुमचं, जेवता का नाही?

मी म्हटलं, पोट बिघडलंय.

तीन वाजता सगळे आपोआप बाहेर पडले. मी हात लावला नव्हता.

४ एप्रिल

एक गोष्ट करू शकतो. चौकट मोठी करणं. सोळाची दोनशे केली. मीच्या पुढे त्यांना काय म्हणायचं होतं ते एकदा येऊ दे. ते मिळालं की मुलीला सांगेन. सगळं सांगेन. हे इथे लिहून सही करतो आहे.

५ एप्रिल

तीन बारा. शेवटची ओळ.

पोरीला सांगा मी वाट बघते

केवढं साधं. दोन शब्द कमी पडले होते. फोन कर, वाट बघते. राग गेला होता. तो केव्हाच गेला होता.

लगेच बाकावर गेलो. तिचा नंबर लावला. वाजला. आणि माझ्या डोक्यात आलं की त्या दिवशीची ओळ तर मीशी संपते. सोळाच्या पुढचं तेव्हा उतरलंच नाही. मग हे दोन शब्द त्या दिवशीचे की आजचे? जिवंत बाई मुलीची वाट बघत होत्या. आता कोण बघतंय? आणि मुलीला कुठे बोलावतंय?

तिने फोन उचलला. हॅलो, दादा? मी काही न बोलता ठेवला.

६ एप्रिल

रात्रभर विचार केला की मी तिला सांगत नाही ते तिच्या भल्यासाठी. सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं आणि कळलं, किती छान पळवाट शोधलीस रे. भूत आहे म्हणून गप्प बसलो, असं सांगणारा मी. भूत नव्हतं तेव्हाही गप्पच होतो.

७ एप्रिल

कॅप्टन वर आले, धापा टाकत. चेष्टा पुरे म्हणाले. पान उघडलं की नावाच्या चौकटीत आधीच कुणीतरी लिहून ठेवतंय. माझ्या म्हातारपणाची टिंगल करायची तर तोंडावर करा. काय लिहिलंय विचारलं. फोन पुढे केला.

सांगितलं का

मी म्हटलं, बिघाड आहे, बघतो. त्यांनी फोन खिशात टाकला. मग खालच्या आवाजात म्हणाले, फाटकवाले, काही सांगायचं राहिलं असेल तर सांगून टाका. समुद्रावर मी एक शिकलो, माणूस ओझ्याने बुडत नाही, ओझं लपवायला गेला की बुडतो.

खरंच सांगणार होतो त्यांना. तोंडही उघडलं. पण सांगायचं त्यांना नव्हतं.

८ एप्रिल

अडतीस खोल्यांच्या पानांवर. मॅडमच्या पानावरही. माझ्या स्वतःच्या फोनवर.

सांगितलं का
सांगितलं का

मुख्य यंत्र बंद करून पाहिलं. पंखे थांबले, खोलीत पहिल्यांदा एवढी शांतता. पडदा काळा. काळ्या पडद्यावर नावाची चौकट.

९ एप्रिल

मॅडमनी सांगितलं, मुलगी परवा येते आहे, पेटी न्यायला. सतरातच एक दिवस राहायचं म्हणते, आईच्या खुर्चीत बसायचं म्हणते.

आज तीन चारला काही आलं नाही. एकही ओळ नाही. पानं रिकामी. कॅप्टननी खालून ओरडून शाबासकी दिली.

मला ही शांतता नको आहे. ती ऐकते आहे. तिलाही कळलंय कोण येतंय ते—

१० एप्रिल

आजही काही नाही.

सौ.ला सांगितलं. सगळं. बाकावर उभ्या उभ्या. ती म्हणाली, मला कशाला सांगताय, मी कोण माफ करणारी? उद्या ती जिना चढायच्या आत खाली उतरा. एवढंच करा. माझ्यासाठी नका करू, त्या पोरीसाठी करा.

उतरणार. पहिली गोष्ट ती.

११ एप्रिल

२:४०. बाराला आली. उतरलो नाही. जेवणघरात समोरासमोर आलो, मी विचारलं प्रवास कसा झाला. ती म्हणाली, ठीक. तिच्या पिशवीतून टॅबलेटचा कोपरा दिसत होता, काळा. नेटसाठी चिठ्ठी मागितली, मीच लिहून दिली: नाव पाहुणा-४. तीनला बैठकीत बसते म्हणाली, आई बसायची तशी. मी म्हटलं, बसा.

२:५५. तीन झाले की जातो. सकाळीही हेच लिहिणार होतो.

३:००. सगळे बाहेर. मी हात लावलेला नाही.

३:०४. यंत्र सतरा.

आलीस

३:०५. दुसरं यंत्र, पाहुणा-४. टेबलावरचीच डबी, पहिला मजला. नावाच्या चौकटीत:

आई?

पासवर्ड रिकामा. पहिली चूक.

३:०५. सतरा: हो

३:०६. पाहुणा-४: त्या दिवशी मला फोन का नाही केलास

दुसरी चूक.

सतरा: करत होते. आत सोडलं नाही

मी हे लिहितो आहे आणि उठत नाही. हाताला नोंदी ठेवायची सवय. उठ. उठ ना.

३:०७. पाहुणा-४: कोणी

तिसरी चूक. बंद. अर्धा तास.

तिच्यासमोर आता फक्त माझी ओळ. कृपया.

३:०७. सतरा: वर बसलाय

हे तिला दिसत नाही. कुलूप आहे. मला एकट्यालाच दिसतंय.

३:०८. बंद पानावर ती लिहिते आहे. तिलाही चौकटी दिसतात—

आई
आई
आई थांब
आई जाऊ नको

तेच. त्याच खुर्चीत, त्याच पानावर. आणि मी वर, यादी बघत.

अर्धा तास. तेवढ्यात खाली जाऊन काहीही सांगता येईल. बिघाड आहे ताई. कुणाची तरी चेष्टा आहे. तिला पटेल. ती माझे आभार मानेल.

३:०९. सतरा काही लिहीत नाही. टेबलावरच्या डबीचा दिवा लागलेला, लुकलुकत नाही, नुसता बघतोय—

कुलूप काढायचं बटण समोर आहे. एक टिचकी.

३:१०. काढलं.

३:१०. पाहुणा-४ गप्प. म्हणजे वाचलं.

खुर्ची सरकली. जिना. सात. आठ. नववी हलली. दोघींची पावलं आहेत, त्यात एक ओढलेलं—

दुसरा मजला.

दार उघडंच ठेवलंय. कडी लावणार नाही. त्या तोंड उघडायच्या आत मी बोलणार, माझ्या तोंडाने, हे तरी— ताई, एकोणीस तारखेला दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी तुमच्या आईने—